जुन्या ली-एन्फिल्डला छिद्र न पाडता दुर्बीण कशी बसवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी लाँग ब्रांच कारखान्यात १९४३ साली तयार झालेली नंबर ४ मार्क १* ली-एन्फिल्ड रायफल रीतसर परवान्यावर विकत घेतली आहे. तिचे लाकूड मूळचे आणि पूर्ण लांबीचे असून बोल्ट (मागून नळी बंद करणारा सरकता दांडा) आणि बॉडी (तो ज्यात सरकतो तो पोलादी सांगाडा) यांवरचा क्रमांक एकच आहे. पन्नाशी ओलांडल्यामुळे त्यांना बॅकसाइट (नेम धरण्याची मागची खूण), फोरसाइट (नळीच्या टोकाची खूण) आणि लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून तिच्यावर दुर्बीण बसवायची आहे. एका कारागिराने बॉडीवर छिद्रे पाडून त्यांत आटे काढून देण्याची तयारी दाखवली आहे. रायफलीत कायमचा बदल न करता हे काम होईल का, आणि झाल्यास ते टिकेल का, असे त्यांनी विचारले आहे.

काम होते आणि नीट केले तर टिकतेही. मात्र ‘छिद्र नको’ असे लिहिलेले माऊंट, म्हणजे दुर्बीण धरून ठेवणारा धातूचा आधार, विकत घेतले म्हणजे रायफल सुरक्षित राहिली, असे समजू नका. माझ्या दृष्टीने कसोटी एकच आहे. उद्या दुर्बीण आणि माऊंट काढून मूळचा प्रत्येक भाग जागेवर बसवला, तर जाणकार माणसाला रायफलीवर त्या कामाची खूण दिसता कामा नये. या कसोटीला बाजारातील निम्मीअधिक माऊंट उतरत नाहीत, कारण त्यांना ड्रिल लागत नसले तरी कुठे कानस मारावी लागते, कुठे हॅंडगार्डचे, म्हणजे नळीवरच्या आच्छादनाचे, लाकूड तासावे लागते, तर कुठे टोकदार ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) बॉडीत रुतवावे लागतात. रुतलेल्या स्क्रूचा खड्डा आणि ड्रिलचे छिद्र यांत संग्राहकाच्या लेखी फारसा फरक नसतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुमची रायफल नेमकी कोणती आहे, ते दिवसाच्या उजेडात भिंग घेऊन पाहा. दुसऱ्या महायुद्धात नंबर ४ च्या निवडक, अचूक ठरलेल्या रायफली दुर्बिणीसाठी वेगळ्या काढल्या जात. त्यांतील बहुतेक रायफलींचे रूपांतर लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने केले, आणि लाँग ब्रांचनेही आपल्याकडच्या थोड्या रायफलींवर हे काम केले. अशा रायफलीच्या बॉडीच्या डाव्या भिंतीवर पुढे एक आणि मागे एक असे दोन पोलादी पॅड स्क्रूंनी आणि सोल्डरने पक्के बसवलेले असत. त्यांच्यावर अंगठ्याने फिरवायच्या दोन मोठ्या स्क्रूंचा ब्रॅकेट चढे आणि ब्रॅकेटमध्ये साडेतीन पट मोठे दाखवणारी नंबर ३२ ही दुर्बीण असे. बॉडीच्या डाव्या बाजूवर ‘टी’ हे अक्षर, दस्त्याच्या मनगटाशी कोरलेला दुर्बिणीचा क्रमांक किंवा हॉलंड अँड हॉलंडची ‘एस ५१’ ही खूण दिसली, तर हात आवरा आणि आधी जाणकाराला दाखवा. पॅड निघून गेलेली आणि नुसती छिद्रे बुजवलेली अशी एखादी रायफल साधी समजून विकली गेल्याची उदाहरणे आहेत. उलट, साध्या रायफलीवर नवे पॅड बसवून ती खरी स्नायपर म्हणून खपवणारेही आहेत. त्यामुळे डाव्या भिंतीला पॅड लावून देतो असे कोणी म्हटले, तर तुमच्या अखंड रायफलीसाठी ते काम नाकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाँग ब्रांचमध्ये युद्धकाळात आणि नंतर मिळून नऊ लाखांच्या आसपास रायफली बनल्या, मग एकीला छिद्रे पाडली तर काय बिघडले, असा युक्तिवाद तुम्हाला ऐकायला मिळेल. युद्धानंतर हजारो रायफली स्वस्तात विकल्या गेल्या, शिकारीसाठी त्यांचे लाकूड कापले गेले, नळ्या आखूड झाल्या आणि बॉडीला छिद्रे पडली. म्हणूनच आज मूळ रूपातली रायफल हाती येणे कठीण झाले आहे. तुम्हाला दुर्बिणीची रायफल हवीच असेल आणि माऊंट अगदी घट्ट हवे असेल, तर आधीच कापलेली, छिद्रे पाडलेली जुनी ली-एन्फिल्ड वेगळी घ्यावी. तिच्यावर आटे पाडले तरी गमावण्यासारखे काही नसते. ही अखंड रायफल मात्र तशीच राहिली पाहिजे.

आता डोळ्यांबद्दल. दुर्बिणीचा विचार करण्याआधी नंबर ४ च्या मूळ साइटला एक संधी द्या. या रायफलीची बॅकसाइट बॉडीच्या मागच्या टोकाला, डोळ्याच्या जवळ असते आणि ती छिद्राची आहे, खाचेची नाही. छिद्रातून पाहताना छिद्रावर नजर स्थिर करायची नसते. त्यामुळे तिन्हींऐवजी दोनच गोष्टी, फोरसाइट आणि लक्ष्य, सांभाळायच्या उरतात. युद्धकाळात घाईने बनवलेल्या अनेक रायफलींना ३०० आणि ६०० यार्डांची, उलटसुलट पडणारी साधी बॅकसाइट लावलेली असे, आणि तिचे छिद्र मोठे असते. तुमच्या रायफलीवर ती असेल, तर २०० ते १३०० यार्डांपर्यंत स्क्रूने सरकणारी मार्क १ ही साइट त्याच पिनेवर बसते. पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी बनवलेल्या, बारीक छिद्रांच्या टार्गेट साइटही सेवेतील साइट काढून तिच्या जागी बसतात. छिद्र जितके लहान, तितकी फोरसाइट अधिक रेखीव दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून फोरसाइटच्या अंतराला जुळणारा चष्मा करून घेतला, तर अनेकांचा प्रश्न तिथेच सुटतो. १९१५ च्या सुमारास ब्रिटिश सैन्याने जुन्या एन्फिल्डसाठी लॅटी, नील, मार्टिन या नावांच्या भिंगांच्या जोड्या घेतल्या होत्या. एक मोठे भिंग फोरसाइटवर आणि एक लहान भिंग बॅकसाइटवर अडकवले की मध्ये नळकांडे नसलेली दुर्बीण तयार होत असे, आणि रायफलीला एकही छिद्र पडत नसे. दृष्टिक्षेत्र फारच अरुंद असल्यामुळे त्या मागे पडल्या, पण तुमच्यासमोरचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही लोकांना पडला होता, हे त्यांवरून कळते.

हे करूनही समाधान झाले नाही, तर माऊंटकडे वळू. नंबर ४ वर छिद्र न पाडता पकड घेण्यासारख्या जागा मोजक्याच आहेत. पहिली म्हणजे बॅकसाइट ज्यांच्यामध्ये बसते ते बॉडीचे दोन कान आणि त्यांतून आरपार जाणारी पिन. दुसरी म्हणजे बॉडीच्या डाव्या भिंतीतील इजेक्टर स्क्रू. ली-एन्फिल्डमध्ये रिकामी पुंगळी बाहेर फेकण्याच्या कामी येणारा हा बारीकसा स्क्रू असतो. तिसरी जागा म्हणजे चार्जर ब्रिज, म्हणजे पाच काडतुसांची क्लिप जिथे उभी धरतात ती बॉडीवरची कमान. चांगले माऊंट पहिल्या दोन जागा धरते आणि तिसरीवर फक्त टेकते. त्यामुळे पकडीचे दोन बिंदू एकमेकांपासून पुरेसे लांब राहतात आणि माऊंट डोलत नाही. केवळ चार्जर ब्रिजला चिमट्यासारखे धरणारे माऊंट मी कोणालाही सुचवत नाही. त्या कमानीचा वरचा आणि आतला पृष्ठभाग मापात घासलेला नसतो, कारण त्यावर काही बसवायचे आहे असे कारखान्यात कोणाच्या मनातही नव्हते. त्यामुळे प्रत्येक रायफलीवर असे माऊंट वेगळ्या कोनात बसते आणि काही गोळ्यांनंतर सरकू लागते.

बॅकसाइट काढण्याचे काम वाटते तेवढे सोपे नाही, आणि रायफलीला इजा होते ती बहुतेक वेळा इथेच. रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने, अशी दोनदा करा, मॅगझीन काढा आणि बोल्ट बाहेर घ्या. मार्क १* मध्ये बोल्टचे डोके बॉडीच्या उजव्या रुळावरील खाचेपाशी आणून वर उचलावे लागते, आणि बॅकसाइट उभी केल्याशिवाय बोल्ट मागून निघत नाही. या खाचेचा कोपरा झिजलेला किंवा तुटलेला आहे का, तेही आताच पाहून घ्या. तो तुटला असेल तर बोल्टचे डोके रुळावरून उडू शकते, आणि अशा रायफलीत दुर्बिणीपेक्षा दुरुस्ती आधी हवी. मग बॅकसाइटची मुख्य पिन पाहा. तिला अडवून ठेवणारी एक बारीक आडवी पिन असते. ती न काढता मुख्य पिनेवर हातोडी मारली, तर कान वाकतात किंवा पिनेचे तोंड फुलते. दोन्ही पिनांवर मुरणाऱ्या तेलाचा थेंब सोडून रायफल रात्रभर तशीच ठेवा. दुसऱ्या दिवशी, दोन्ही कानांना खालून लाकडाचा आधार देऊन, पिनेच्या व्यासाहून किंचित बारीक आणि सरळ दांड्याच्या पंचने आधी बारीक पिन, मग मुख्य पिन हलक्या ठोक्यांनी काढा. निमुळत्या दांड्याचा पंच वापरू नका, तो भोकात अडकतो आणि भोक मोठे करतो. साइटच्या खाली स्प्रिंगवर बसलेला एक छोटा दट्ट्या असतो, पिन निघताच तो उडतो, म्हणून सगळे काम एका जाड कापडाखाली हात घालून करावे.

इजेक्टर स्क्रूकडे त्याहून अधिक लक्ष द्या. त्याची खाच अरुंद असते आणि बाजारातील साध्या पेचकसाचे निमुळते पाते त्या खाचेच्या कडा उखडते. खाचेच्या रुंदीला आणि जाडीला तंतोतंत बसेल असे पाते घासून तयार करा. स्क्रू हलत नसेल तर जोर लावू नका, तेल घाला, पातळ सोल्डरिंग आयर्नने स्क्रूचे डोके थोडे तापवा आणि पुन्हा प्रयत्न करा. याच्या जागी माऊंटसोबत येणारा लांब स्क्रू बसतो. त्याचे आटे जुन्या ब्रिटिश मापाचेच असले पाहिजेत. हाताने दोन-तीन फेरे सहज आत गेला तर ठीक, पण दुकानातला जवळपास बसणारा मेट्रिक किंवा अमेरिकन आट्यांचा स्क्रू कसून घुसवला, तर बॉडीतले आटे कायमचे जातात आणि ‘कायमचा बदल नको’ हा हेतूच संपतो. नव्या स्क्रूचे टोक आतल्या बाजूला मूळ स्क्रूइतकेच बाहेर यावे. जास्त आले तर बोल्टला घासते, कमी आले तर पुंगळी बाहेर फेकली न जाता जागीच राहते. व्हर्नियर कॅलिपरने मूळ स्क्रूची लांबी मोजून लिहून ठेवावी आणि नवा स्क्रू लांब असेल तर तोच घासावा. नेहमी माऊंटचा भाग घासायचा, रायफलीचा नव्हे, हा नियम या साऱ्या कामाला लागू आहे.

माऊंट हाताने बसवून पाहा. ते बॅकसाइटच्या कानांत घट्ट, पण ठोकावे लागणार नाही असे बसावे, आणि डाव्या भिंतीला पूर्ण टेकावे. टेकले नाही तर स्क्रू कसताना माऊंट पिळवटते आणि तो पीळ दुर्बिणीच्या नळीत उतरतो. फट मोजायला फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे माप, वापरा. बारीक फट पितळेच्या पातळ शिमने, म्हणजे पट्टीने, भरता येते. याहून चांगला उपाय म्हणजे माऊंटच्या आतल्या अंगाला इपॉक्सीचा पातळ थर देणे. रायफलीच्या पृष्ठभागाला बुटांना लावायचे मेण दोन हात चोपडा, माऊंटचा आतला भाग खरखरीत करून त्यावर इपॉक्सी लावा आणि स्क्रू अगदी हलके लावून चोवीस तास ठेवा. मेणामुळे इपॉक्सी रायफलीला चिकटत नाही, पण तिचा हुबेहूब ठसा माऊंटवर उमटतो. त्यानंतर ते माऊंट त्याच रायफलीवर, त्याच जागी, दरवेळी तसेच बसते. चार्जर ब्रिजवर टेकणारे ग्रब स्क्रू असतील तर त्यांच्या टोकाखाली पितळेची किंवा तांब्याची बारीक चकती ठेवा, म्हणजे खड्डा चकतीत पडेल, पोलादात पडणार नाही. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून लावायचे मध्यम ताकदीचे, निळ्या रंगाचे लॉकटाइट पुरे आहे. लाल रंगाचे वापरले तर पुढे काढताना उष्णता द्यावी लागेल आणि काळवलेल्या पृष्ठभागावर डाग पडेल.

दुर्बीण निवडताना लोभ धरू नका. छिद्राविना बसवलेले माऊंट पॅड असलेल्या माऊंटइतके ताठ नसते, म्हणून त्याच्यावर जितके कमी वजन, तितके बरे. अडीच ते चार पट, स्थिर क्षमतेची, एक इंच नळीची, हलकी दुर्बीण या रायफलीला शोभते आणि पुरतेही. सैनिकांना नंबर ३२ च्या साडेतीन पटींवर काम भागवता येत होते, तर कागदी लक्ष्यावर १०० मीटरवरून नेम धरायला नऊ किंवा बारा पटींची जड दुर्बीण कशाला हवी? पुढचे भिंग मोठे असेल तर दुर्बीण आणखी वर चढवावी लागते आणि गाल दस्त्यावर टेकेनासा होतो. डोळा भिंगापासून किमान ९ सेंटिमीटर दूर राहिला पाहिजे. ली-एन्फिल्डचा दस्ता आखूड असतो, त्याच्या लांब, साधारण, आखूड आणि त्याहून आखूड अशा मापांपैकी लांब व आखूड मापांवर इंग्रजी ‘एल’ व ‘एस’ ही अक्षरे असतात. ‘एस’ असलेला दस्ता असेल तर डोळा दुर्बिणीच्या फार जवळ येतो आणि धक्क्याने भुवईला जखम होते. इथे मूळचा दस्ता जपून ठेवून लांब मापाचा जुना दस्ता वेगळा मिळवणे हा पूर्णपणे परत फिरवता येणारा बदल आहे. त्यात अडचण एवढीच की दस्त्याचा लांब बोल्ट फिरवण्याआधी पुढचे लाकूड उतरवावे. या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडात बसलेले असेल, तर तो फिरवताना त्या लाकडाचे मागचे तोंड फाटू शकते.

गाल टेकवण्यासाठी स्नायपर रायफलींवर लाकडी उशी स्क्रूंनी बसवलेली असे. तुम्हाला ती नको, कारण तिच्यासाठी दस्त्यात भोके पाडावी लागतात. कातडी पट्टा नाडीने आवळून बांधायचा आणि त्याच्या आत घट्ट फोम किंवा जाड फेल्ट घालायचा. उंची इतकी ठेवा की डोळे मिटून गाल टेकवला आणि मग उघडले, तर चित्र आपोआप पूर्ण दिसावे. कातडे आणि लाकूड यांच्यामध्ये पातळ सुती कापड ठेवा, कारण कमावलेल्या कातड्यातील रसायनांनी जवस तेलाचे जुने पॉलिश काळवंडते.

रिंगा बसवताना एक अडचण हमखास येते. बॅकसाइटचे कान रायफलीच्या नळीच्या अगदी मध्यरेषेवर असतीलच असे नाही, त्यामुळे दुर्बिणीचे डावे-उजवे बटण पार टोकाला फिरवूनही नेम जुळत नाही. हे रिंगा जास्त कसून किंवा जोर लावून दुर्बीण वाकवून सोडवू नये. आत फिरणारे प्लास्टिकचे अस्तर असलेल्या रिंगा मिळतात, त्यांतील कमीअधिक जाडीचे तुकडे फिरवून दुर्बीण सरळ रेषेत आणता येते आणि नळीला चरेही पडत नाहीत. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १.७ ते २ न्यूटन-मीटर एवढाच जोर द्या आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवा.

दुर्बीण चढवल्यावर बोल्ट बाहेर निघतो का, हे गोळी झाडण्याआधी पाहा. बोल्टचे डोके वर वळायला जागा लागते आणि खूप खाली बसलेल्या माऊंटखाली ते वळत नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. बोल्ट निघत नसेल तर नळी मागून साफ करता येत नाही, पुल-थ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंधी मागच्या बाजूने सोडता येत नाही, आणि पुढून गज घालून साफ करताना नळीचे तोंड झिजते. उत्तर अमेरिकेत जुन्या सैनिकी काडतुसांचे डबे अजून मिळतात, त्यांतील काहींच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेली आहेत. अशा जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील क्षार नळीत गंज आणतात आणि ते केवळ तेलाने जात नाहीत, गरम पाण्याने धुवावे लागतात. त्यासाठी बोल्ट निघायलाच हवा. शिवाय दुर्बीण किती अचूक आहे हे अशा सत्तर-ऐंशी वर्षांच्या काडतुसांवरून ठरवू नये. त्यासाठी एकाच लॉटची नवी काडतुसे घ्यावीत.

एक किंमत मात्र मोजावी लागते. नळीच्या बरोबर वर बसलेल्या दुर्बिणीखाली पाच काडतुसांची क्लिप उभी राहत नाही. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश स्नायपर रायफलींवर दुर्बीण मुद्दाम डावीकडे सरकवलेली असे ती क्लिपसाठी जागा राहावी म्हणूनच. तुम्हाला एकेक काडतूस बोटाने भरावे लागेल, आणि भरताना प्रत्येक काडतुसाची कडा आधीच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे येईल याकडे लक्ष द्यावे लागेल, नाहीतर .३०३ ची कडा असलेली काडतुसे एकमेकांत अडकतात.

नेम जुळवण्यासाठी बोल्ट काढून नळीतून २५ मीटरवरचे लक्ष्य पाहा आणि रायफल न हलवता दुर्बिणीतील क्रॉस त्याच बिंदूवर आणा. पाव मिनिट कोनाचे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक असलेल्या दुर्बिणीत १०० यार्डांवर एक क्लिक म्हणजे पाव इंच, आणि २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग, हे गणित विसरू नका. पुष्कळ लोक २५ वर चार क्लिक फिरवून काहीच बदलले नाही म्हणतात. १७४ ग्रेनची, सेकंदाला २४४० फूट वेगाची मार्क ७ जातीची गोळी आणि नळीच्या मध्यापासून ५ सेंटिमीटर उंच दुर्बीण धरली, तर १०० मीटरवर बरोबर जुळवलेली रायफल २५ मीटरवर जवळपास २ सेंटिमीटर खाली मारते. तेवढे खाली लागले की १०० मीटरवर जा.

पहिल्या काही गोळ्यांनंतर थांबून माऊंटच्या प्रत्येक स्क्रूवर आणि माऊंट व बॉडीच्या सांध्यावर रंगाची बारीक रेघ ओढा. बॉडीवरची रेघ सहज पुसता येणाऱ्या रंगाची असावी. वीस गोळ्यांनी ती रेघ तुटलेली दिसली, तर माऊंट सरकत आहे. रेघ अखंड असूनही गोळ्या विखुरत असतील, तर दोष बहुधा माऊंटमध्ये नसून लाकडात असतो. नंबर ४ ची नळी पुढच्या लाकडाच्या टोकावर टेकलेली असते आणि तिथे २ ते ७ पौंडांचा वरच्या दिशेचा दाब अपेक्षित असतो. ऐंशी वर्षांत लाकूड आकसते आणि हा दाब नाहीसा होतो. नळी मोकळी सोडण्यासाठी लाकूड तासण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल, तो ऐकू नका. तो आधुनिक शिकारी रायफलींसाठी ठीक आहे, या रायफलीच्या बारीक नळीसाठी नाही, आणि तासलेले लाकूड परत येत नाही. ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू घट्ट आहे का, आणि मागे लाकूड बॉडीला दोन्ही बाजूंनी सारखे टेकते का, एवढे आधी पाहा.

इतर जुन्या रायफलींबद्दल थोडेच सांगतो, कारण अनेकांकडे त्याही असतात. जुनी नंबर १ मार्क ३ आणि तिच्यावरूनच पश्चिम बंगालमधील इच्छापूर येथे ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बनवलेली २ए१ यांची बॅकसाइट बॉडीवर नसून नळीवर आहे. रशियन मोसिन-नागान ९१/३० आणि जर्मन माऊझर के ९८ के यांचेही तसेच आहे. या सर्वांत बॅकसाइटची पट्टी काढून तिच्या जागी छोटा रूळ बसतो आणि त्यावर डोळ्यापासून दूर ठेवायची, दोन-अडीच पटींची दुर्बीण चढते. जर्मनांनी १९४१ पासून के ९८ के च्या बॅकसाइटच्या बाजूला बसवलेली दीडपटीची झेडएफ ४१ ही याच जातीची होती. या जागेचा मोठा फायदा म्हणजे मोसिनचा सरळ बोल्ट आणि माऊझरची वर फिरणारी सेफ्टी दुर्बिणीला अडत नाही आणि वरून काडतुसे भरता येतात. तोटा असा की दृष्टिक्षेत्र लहान असते आणि पाठीमागचे ऊन भिंगावर पडले की चित्र फिकट होते. अमेरिकन एम१ गॅरंडमध्ये आठ काडतुसांची क्लिप वरून आत जाते आणि वरूनच बाहेर उडते, म्हणून तिच्या सैनिकी दुर्बिणीही डावीकडेच असत. छिद्र न पाडता करायचे असेल तर तिचा मागचा हॅंडगार्ड काढून त्या जागी बसणारे माऊंट घ्यावे आणि मूळ हॅंडगार्ड जपून ठेवावा.

भारतातील वाचकांनी हे फक्त माहितीसाठी वाचावे. एनसीसीत किंवा पोलिसांकडे अनेकांनी थ्री-नॉट-थ्री हाताळलेली असते, पण .३०३ आणि ७.६२ हे बोअर आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दुरुस्ती किंवा फेरफार परवानाधारक कारागिराशिवाय कोणी करू शकत नाही. इच्छापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल याच कुळातली आहे. ती ज्यांच्याकडे परवान्यावर आहे त्यांनी माऊंटचे काम अशाच कारागिराकडे न्यावे. कॅनडात तुम्हाला प्रांतिक शिकारीचे नियम आणि क्लबाचे नियम दोन्ही पाहावे लागतील. सैनिकी रायफलींच्या अनेक स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही.

मूळचे सहा भाग, म्हणजे बॅकसाइट, तिची मुख्य पिन, अडवणारी बारीक पिन, दट्ट्या, स्प्रिंग आणि इजेक्टर स्क्रू, तेलाने पुसून एका जाड पिशवीत घाला, रायफलीचा क्रमांक लिहून ती पिशवी दस्ताऐवजांसोबत ठेवा. वेगळ्या कारखान्याची पिन बसली तरी ती तुमच्या रायफलीची नसते, आणि विकताना खरेदीदार नेमकी हीच गोष्ट विचारतो. माऊंट वर्षानुवर्षे जागेवर ठेवू नका. कॅनडाच्या थंडीतून रायफल घरात आणली की माऊंटच्या आत ओल धरते आणि तिथल्या काळवलेल्या पोलादावर लाल ठिपके पडतात, जे माऊंट काढेपर्यंत दिसत नाहीत. हंगाम संपला की माऊंट उतरवा, बॉडी पुसा, तेलाचा पातळ हात द्या आणि पुढच्या हंगामात पुन्हा बसवून २५ मीटरवर तपासा. इपॉक्सीचा ठसा नीट घेतला असेल तर फरक थोड्याच क्लिकांचा येतो.